एकशे चाळीस दिवसांचे काका

निगडी प्राधिकरणात दर सेक्टरला एक गणपती मंडळ, एक दूध डेअरी आणि एक जर्मनीवाले काका असतातच. काका स्वतः जर्मनीला गेलेले नसतात, मुलगा गेलेला असतो. पण तिथल्या कायद्याची माहिती मुलापेक्षा काकांना जास्त, कारण मुलाला तिथे काम असतं आणि काकांना इथे नसतं.

आमच्या सेक्टरातले काका टेल्कोच्या टूलरूममधून निवृत्त झाले. कंपनीचं नाव टाटा मोटर्स होऊन वीस वर्षं उलटली, तरी त्यांच्या तोंडी टेल्कोच. जर्मनीशी आपलं नातं जुनं आहे, असं ते मानतात. टेल्कोच्या ट्रकवर १९६९ पर्यंत मर्सिडीजचा तारा असायचा, हे ते तो तारा स्वतः बसवल्यासारखं सांगतात. त्या वर्षी काका दुसरीत होते. पुढे १९९५ साली मर्सिडीजच्या गाड्यांची जोडणी पिंपरीत टेल्कोच्याच आवारात सुरू झाली आणि २००९ मध्ये ते बिऱ्हाड चाकणला हललं. फोक्सवॅगनचा कारखानाही त्याच वर्षी चाकणला उभा राहिला. त्यामुळे मुलगा केम्निट्झला एमएस करायला निघाला तेव्हा काकांनी पाहुण्यांना सांगितलं, "ते लोक आधी आपल्याकडे येऊन गेलेत. आता आपण परतभेट देतोय."

परतभेटीचा खर्च पीएफमधून झाला. जर्मनीत शिकायला जाणाऱ्यानं वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधीच एका बंद खात्यात टाकायचे आणि महिन्याला ९९२ प्रमाणे काढायचे, असा नियम आहे. "आपल्याच पैशाला गेटपास," असं काका म्हणाले, आणि त्या दिवसापासून त्यांचं लक्ष मुलाच्या अभ्यासावरून उडून कामाच्या तासांवर बसलं.

जर्मनीत परदेशी विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. मार्च २०२४ पूर्वी हेच आकडे १२० आणि २४० होते. काकांनी यासाठी एक मस्टर उघडलं आहे. दिवाळीला कुठल्याशा व्हेंडरनं दिलेल्या डायरीत लाल शाईनं रकाने पाडलेत: तारीख, पूर्ण, अर्धा, शिल्लक. आणखी एक रकाना आहे, "हिवी". हिवी म्हणजे विद्यापीठातच प्रोफेसरांच्या हाताखाली केलेलं काम. ते या १४० दिवसांत धरत नाहीत, हे कळलं त्या रात्री काका आनंदानं जेवले नाहीत.

खरी गंमत अर्ध्या दिवसाची. चार तासांपर्यंत काम केलं तर अर्धा दिवस. त्यापुढे गेलं की पूर्ण. काकांच्या आयुष्यात हे सगळं उलटं झालं. टेल्कोत पाच मिनिटं उशीर झाला की हाफ डे लागायचा, आणि इथे मुलानं पाच मिनिटं जास्त काम केलं की फुल लागणार! मुलगा एका हॉटेलच्या किचनमध्ये संध्याकाळी सहा ते दहा करतो. थंडीत आपल्यात आणि त्यांच्यात साडेचार तासांचा फरक, म्हणजे तो सुटतो तेव्हा इथे रात्रीचे अडीच. काका दोन वीसचा गजर लावून उठतात आणि फोन करतात, "अरे, पंच कर आणि बाहेर पड. ताट हातात असेल तर तसंच ठेव." कंपनीत तिसरी पाळी नको म्हणून युनियनच्या ऑफिसात चकरा मारणारा हा माणूस निवृत्तीनंतर बिनपगारी तिसरी पाळी करतो आहे.

बाहेर मात्र किचन हा शब्द निघत नाही. मोशीच्या मंगल कार्यालयात कुणी विचारलं तर "हॉस्पिटॅलिटीत आहे". त्याआधी तो रात्री पार्सलं लावायचा. तेव्हा तो लॉजिस्टिक्समध्ये होता. मध्ये दोन महिने सुपरमार्केटच्या फळ्या भरल्या, ते रिटेल. मुलानं हे शब्द कधी वापरले नाहीत. तो बिचारा "भांडी घासतो" असंच सांगतो. काकू लगेच दुरुस्ती करतात, "मशीन असतं रे तिकडे. हा फक्त घालतो आणि काढतो."

सकाळी साडेसहाला दुर्गा टेकडीवर यांची बैठक भरते. तिथे कॅनडावाले, ऑस्ट्रेलियावाले, ब्रिटनवाले असे सगळे देश बाकावर बसलेले असतात. नवा वेतनकरार झाला की बजाजवाले आणि टेल्कोवाले जसे एकमेकांचे आकडे काढायचे, तसे हे तास काढतात. कॅनडावाले सांगतात, नोव्हेंबर २०२४ पासून आमचे आठवड्याला वीसाचे चोवीस झाले. ऑस्ट्रेलियावाल्यांचा हिशोब पंधरवड्याचा, ४८ तास. ब्रिटनवाल्यांना सत्र चालू असताना वीस, शिवाय स्वतःचा धंदा म्हणून काही करायचं नाही. त्यामुळे जेवण पोचवणारी पिशवी तिथे पाठीवर घेता येत नाही. अमेरिकावाले गप्प असतात. सत्रात वीस तास, तेही कॉलेजच्या आवारातच; बाहेर काम करायचं तर अभ्यासाशी संबंध दाखवून परवानगी काढा. सगळ्यांचं ऐकून घेतल्यावर काका शेवटचा पत्ता टाकतात, "आमच्याकडे किमान वेतन सगळ्यांना सारखं. विद्यार्थी असो नाहीतर जर्मन असो."

या बैठकीत काका कर्मवीर भाऊराव पाटलांवरही बोलतात. अण्णांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, कमवा आणि शिका हे आपल्याकडचंच, जर्मनांनी ते उचललं, असा त्यांचा सिद्धांत आहे. ऐकणाऱ्यांत कुणी इतिहासाचा प्राध्यापक नसतो, त्यामुळे तो टिकून आहे.

हाच मुलगा निगडीच्या कॉलेजात इंजिनिअरिंग करत होता तेव्हाचं काकांचं मत मला चांगलं आठवतं. आकुर्डीत कॉट बेसिसवर राहणारे त्याचे लातूर-जळगावकडचे मित्र संध्याकाळी बाइकवरून जेवण पोचवायचे. यालाही हौस आली. काकांनी गाडीची किल्लीच काढून घेतली. "टेल्कोवाल्याचा मुलगा पिशव्या वाटत फिरणार? लोक काय म्हणतील?" लोक काही म्हणणार नव्हते, लोकांना भूक लागलेली होती. पुढे मुलगा चाकणला एका व्हेंडर कंपनीत लागला, दोन वर्षं तळेगाव चौकात बसमध्ये अडकून बसला आणि त्या बसमध्येच त्यानं जर्मन भाषेचा पहिला धडा गिरवला. चाकणच्या ट्रॅफिकनं किती जणांना परदेशी पाठवलं, याचा कुणीतरी अभ्यास करायला हवा.

गेल्या डिसेंबरात काका पेपर वाचता वाचता ओरडले, "वाढलं!" जर्मनीतलं तासाचं किमान वेतन १ जानेवारी २०२६ पासून १२.८२ युरोचं १३.९० होणार होतं. युरोनं शंभरी ओलांडल्यापासून काकांचा गुणाकार तोंडी होतो. आठवड्याचे वीस तास धरले तर २७८ युरो, हे त्यांनी मलाही ऐकवलं. मी चहाला बसलो होतो आणि मोरीत मावशी भांडी घासत होत्या. उत्साहाच्या भरात काका तिकडे वळून म्हणाले, "मावशी, तिकडे या कामाला तासाला चौदाशे रुपये मिळतात!"

नळ बंद झाला.

"म्हंजे माजा महिना तितं एका तासात?" मावशींनी विचारलं. त्यांना या घरी महिन्याला बाराशे मिळतात.

"तिकडे महागाई पण तशीच असते ना," काका म्हणाले.

"आन् ही वाढ कुणी मागितली व्हती?"

"मागायची नसते. त्यासाठी आयोग असतो. तो ठरवतो."

"मग हितला आयोग कोन?"

काकांनी चष्मा पुसला. दुर्गा टेकडीवर कॅनडाला गप्प करणारा माणूस पेपरची घडी घालून उठला आणि वॉकला निघाला. सकाळचा वॉक झालेला होता. आतून काकूंचा आवाज आला, "मावशी, कढई राहू द्या, ती मी घासते."

काकांच्या बाजूनं एक सांगायला हवं. त्यांची माहिती चोख असते. परदेशी पाठवणाऱ्या एजंटला लाखभर मोजून जे कळत नाही, ते टेकडीवर चहाच्या कटिंगवर मिळतं. तास ओलांडले तर व्हिसा जाऊ शकतो, हे ते प्रत्येक नव्या बापाला पहिल्यांदा सांगतात, आणि पैसे किती मिळतात ते नंतर. मुलगा आता एका मोटार कंपनीत अर्धवेळ लागला आहे, म्हणजे दोन वीसचा गजर बंद. काका मात्र सवयीनं उठतात आणि मस्टर चाळत बसतात.

जानेवारीपासून मावशींचेही दोनशे वाढले. जर्मनीचा त्याच्याशी काही संबंध नाही, असं काकांचं म्हणणं आहे. वाढ काकूंनी दिली.