सॉफ्टवेअर निवडा, पण मुनीमजींना विचारून

आदिलाबादच्या एखाद्या जिनिंग मिलच्या कोपऱ्यात, रुईच्या धुळीत, एक लिनक्स सर्व्हर असतो. काट्यावरची वजनं, शेतकऱ्यांच्या पावत्या, अडत्यांचे हिशेब, सगळं त्याच्या पोटात. कुणीतरी कान फुंकतं, "शेठ, बॅकअप घ्या," आणि सॉफ्टवेअरची पारख सुरू होते. १९९६ सालापासूनचं आरसिंक फुकट आहे. बोर्ग आणि रेस्टिक तोच मजकूर दोनदा साठवत नाहीत, वर कुलूपही लावतात. बॅक्युलाचं नावच ड्रॅक्युलावर बेतलेलं. तो रात्री येतो आणि सोबत डायरेक्टर, स्टोरेज डीमन, फाइल डीमन, कॅटलॉग असा सगळा लवाजमा आणतो. मिलमध्ये हा लवाजमा सांभाळायला कॉम्प्युटरवाला पोरगा एकच, आणि त्याचंही अर्धं लक्ष हैदराबादच्या नोकरीकडे. तरी गुणांचे तक्ते मांडले जातात. माझं म्हणणं इतकंच, की हे तक्ते बॅकअप घेणाऱ्याच्या सोयीने मांडलेले असतात. निवड करायची ती परत आणणाऱ्याकडे बघून. आणि ऐन हंगामात रात्री अकरा वाजता मिलमध्ये जागे असतात ते मुनीमजी.

मिलवाल्यांचं सोडा, भल्याभल्यांची इथेच फजिती झाली आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीच्या एका थकल्याभागल्या इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला. बॅकअपचे प्रकार पाच, आणि वेळेवर धड एकही नाही. रोजची प्रत काढणारा प्रोग्रॅम जुन्या आवृत्तीचा निघाला, त्यामुळे साठवणीची जागा रिकामीच होती. प्रत निघत नाही असं सांगणाऱ्या ईमेल वाटेतच नाकारल्या जात होत्या. कुणीतरी सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी काढलेली प्रत होती, म्हणून अब्रू वाचली. क्योटो विद्यापीठात तर डिसेंबर २०२१ मध्ये बॅकअपच्याच स्क्रिप्टने सुमारे ७७ टेराबाइट संशोधन साफ केलं. ती चालू असतानाच कुणीतरी तिच्यात सुधारणा केली होती. दोन्हीकडे ना पैसा कमी होता, ना अक्कल. गिटलॅबकडे परत आणण्याची रंगीत तालीम तेवढी राहून गेली होती.

यावर हमखास उत्तर येतं, "आमच्याकडे दोन डिस्क आहेत, एकीवर लिहिलं की दुसरीवर आपोआप उतरतं." उतरतं ना, चूकसुद्धा उतरते. आरसिंकला 'डिलीट'चा पर्याय लावून ठेवा. दुपारी चुकून उडालेली फाइल तो रात्री प्रतीतूनही इमानेइतबारे उडवतो. नुसत्या दुप्पटपणाचा महिमा आपल्याच महाराष्ट्र-तेलंगणा सीमेवर बघा. जिवती तालुका आणि जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातलं केरामेरी मंडल यांच्या मधल्या गावांत मराठी घरांकडे दोन राज्यांची दोन रेशनकार्डं आहेत, मतदार ओळखपत्रं दोन आहेत, गावात सरपंचही दोन. जमिनीच्या पट्ट्याची मागणी मात्र वर्षानुवर्षं तशीच पडून. जे सहज मिळतं ते दोनदा मिळालं. जे अडीनडीला लागतं, ते एकदाही नाही.

दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे: "हे इंजिनिअरचं काम, मुनीमजींना कशाला त्रास?" मान्य, सॉफ्टवेअर बसवायला इंजिनिअरच हवा. पण हैदराबाद इथून सुमारे ३०० किलोमीटर, नागपूर २००, आणि वजनकाट्यापुढे कापसाच्या गाड्यांची रांग. शिवाय इंजिनिअर जाताना रेस्टिकचा पासवर्ड त्याच सर्व्हरवर ठेवून गेला असेल, तर सर्व्हर बसला की प्रतही बसली. पासवर्ड विसरणाऱ्याला रेस्टिक उभं करत नाही. कुलूप चांगलंच आहे, फक्त पासवर्ड कागदावर लिहून तिजोरीत हवा. "तालमीला वेळ कुठाय?" म्हणणाऱ्यांनी हंगाम कधी संपतो ते आठवावं. उन्हाळ्यात आदिलाबादेत पारा ४४ च्या वर जातो, तेव्हा मिलमध्ये वेळच वेळ असतो.

तेव्हा तक्ते बाजूला ठेवा आणि परीक्षा घ्या. एक कोरा कॉम्प्युटर, एका पानावर मराठीत लिहिलेली कृती आणि मुनीमजींना एकच प्रश्न: गेल्या मंगळवारच्या वजनाच्या पावत्या काढून दाखवा. इंजिनिअरने फोन बंद ठेवायचा. ज्या सॉफ्टवेअरने मुनीमजी पास होतील ते घ्या, मग त्यात चार सोयी कमी का असेनात. एकाही सॉफ्टवेअरने पास झाले नाहीत, तर दोष त्यांच्या माथी मारू नका, कृती पुन्हा लिहा. आणि निकाल लागेपर्यंत पावतीपुस्तकातला कार्बन पेपर काढू नका.