ठिपका शाबूत आहे

झाशी जिल्ह्यात, टहरौलीच्या बाजूला, पावसाळ्यात बांध घालून शेतातच पाणी कोंडायची जुनी रीत आहे. हवेली म्हणतात तिला. ऑक्टोबरात पाणी सोडायचं आणि त्याच ओलीवर गहू-हरभरा पेरायचा. उपग्रहाने त्याच शेताकडे सप्टेंबरात पाहिलं तर तळं, फेब्रुवारीत गहू, मेमध्ये फुफाटा. उपग्रह दिसेल ते सांगतो; सरकारदरबारी हा गुण तसा दुर्मीळच.

आमचं भांडण नकाशावरच्या ठिपक्याशी आहे.

1:50,000 च्या नकाशावर तीन बाय तीन मिलिमीटरचा चौकोन म्हणजे जमिनीवर दीडशे बाय दीडशे मीटर, सव्वादोन हेक्टर. पाणी तेवढं भरलं तर त्याला कडा मिळते, क्षेत्रफळ मिळतं. गुंठाभर कमी पडलं की ठिपका. 2011 च्या देशव्यापी नकाशासंग्रहात आकार लाभलेली पाणथळं 2,01,503 आणि ठिपके 5,55,557. नकाशा काढणाऱ्यांनी ठिपके इमानाने मोजले, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती नकाशा वाचणाऱ्या साहेबांबद्दल. ठिपक्याला लांबी-रुंदी नसते हे साहेब शाळेत शिकलेले असतात आणि तेवढंच त्यांच्या लक्षात राहिलेलं असतं. लांबी-रुंदी नाही म्हणजे क्षेत्रफळ नाही. क्षेत्रफळ नाही म्हणजे अतिक्रमण होऊच शकत नाही, कारण कशावर करणार? रात्री डंपर येतात, राडारोडा ओततात. सकाळी गावकरी अर्ज घेऊन जातात. साहेब संगणकावर नकाशा उघडतात, मोठा करून बघतात आणि समाधानाने मान डोलावतात: ठिपका शाबूत आहे! गावकरी म्हणतात, साहेब, तळ्यात म्हशी बसायच्या हो. साहेब म्हणतात, साडेतेवीस मीटरचा एक चित्रबिंदू, त्यात तुमची म्हैस दिसणार कशी? मोठी म्हैस आणा. यथावकाश त्या ठिपक्यावर बंगल्यांचे प्लॉट पडतात, प्रकल्पाला 'लेक व्ह्यू' नाव मिळतं, आणि पहिल्याच पावसात पाणी मूळ मालकाच्या हक्काने दिवाणखान्यात येऊन बसतं. मग पंचनाम्याला साहेबच.

जलपर्णी माजलेलं तळं वरून हिरवं दिसतं, म्हणून कधीकधी तेही पीक ठरतं. असो.

पण हसू येतं ते इथवरच. भंडारा-गोंदियात कोहळी समाजातल्या मंडळींनी पिढ्यानपिढ्या माती उपसून तलाव बांधले, शेताशेताला बोड्या, म्हणजे छोटी तळी, काढल्या. पाणथळांच्या संरक्षणाची 2017 ची नियमावली सांगते, सिंचनासाठी मुद्दाम बांधलेलं पाणी पाणथळ नाही. भातखाचरंही नाहीत. म्हणजे माणसाने घाम गाळून पाणी अडवलं, हाच त्या पाण्याचा दोष! गोंदियातला सारस याच भातखाचरांत घरटं करतो, याच तलावांवर चरतो. त्याला नियमावली कोण वाचून दाखवणार? आणि डंपरवाल्याला मात्र ती तोंडपाठ असते, हे कसं?

आमची मागणी माफक आहे. झाशीकडच्या लेखपालाला मोजणीची जरीब द्या, गोंदियाकडच्या तलाठ्याला टेप द्या, आणि पावसाळ्यात एकदा, उन्हाळ्यात एकदा दोघांना बांधावर उभं करा. उपग्रहाचं चित्र हातात असू द्या, ते फार कामाचं आहे. फक्त खुर्चीतून उठा. ओल्या बुटांसाठी वेगळा भत्ता मंजूर करायला लागला तरी आमची हरकत नाही. प्रस्ताव तीन प्रतींत पाठवतो.