कुंपणावरचा कोंडा

"वहिनी, त्या पाठच्या गल्लीतल्या मुलीच्या साखरपुड्याचे फोटो बघितलेत का?"

लतावहिनींचा हा प्रश्न आला की मी हातातला पिळा बादलीत टाकते. आमच्या दोन घरांमध्ये कमरेएवढी भिंत. बिल्डरने ती हद्द म्हणून बांधली, आम्ही तिचा उपयोग कोपर टेकायला करतो.

"नाही हो. बरे आलेत का?"

"साडी काय सुरेख, गडद जांभळी. आणि खांद्यांवर हा एवढा कोंडा! फोटोवाला थांबतोय, मावशी झटकतेय, पुन्हा फोटो. आई म्हणते कशी, 'पोरीचं डोकंच कोरडं, कितीही तेल घाला, पुरत नाही.' आणि केस बघाल तर असे चपचपीत की वेणी पिळली तर पोह्यांची फोडणी होईल."

"अहो, मग कोरडं कुठलं? कोरडं डोकं आणि तेलकट केस एकत्र नांदतात कधी?"

"नांदतात की! आमच्या 'ह्यां'चंच बघा ना. सकाळी न्हायले तरी संध्याकाळी केस कपाळाला चिकटलेले. आणि पेपर वाचताना एक हात सतत डोक्यात. पेपरावर पांढरं सांडतं, ते फुंकून मग शब्दकोडं सोडवतात."

माझी भाची मिरजेला त्वचारोगाचं शिकते. सुट्टीला आली की आमच्या गल्लीतली निम्मी डोकी तिच्यापुढे वाकतात, फुकट असतं ना! त्यामुळे ह्या विषयात माझा अधिकार थोडा वाढलेला आहे आणि तो मी भिंतीवरून वापरते.

"त्याला कोरडेपणा म्हणत नाहीत, लतावहिनी. ती एक बारीक बुरशी आहे, मॅलॅसेझिया."

"म्हणजे आमचे हे अस्वच्छ राहतात, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"ती सगळ्यांच्या डोक्यावर असते, तुमच्या, माझ्या, ब्यूटीपार्लरवालीच्यासुद्धा. तिला खायला तेल लागतं, कारण स्वतःपुरतं तेल तिला बनवता येत नाही. आपल्या डोक्यावर सुटणारं तेल ती फोडते, आणि त्यातून जे ओलेइक आम्ल मागे राहतं ते काहींच्या कातडीला सोसत नाही. मग खाज सुटते, कातडी घाईघाईने नवी होते आणि जुनी पोपडे होऊन गळते. आपण ते पोपडे बघतो, म्हणतो कोरडं पडलं, आणि वर आणखी तेल ओततो."

"अगं बाई! म्हणजे आपणच तिला जेवायला वाढतो?"

"पंगतच म्हणा."

लतावहिनी गप्प झाल्या. त्यांच्या घरी दर शनिवारी रात्री खोबरेल कोमट होतं. सासूबाईंच्या काळापासून ती पद्धत. अंबाडा सुटतो, पाटावर बसायचं, आणि तेल कपाळावरून ओघळेपर्यंत थापायचं. कातडीत मुरू द्यायचं आणि सकाळी धुवायचं, ते तरी सावकाश झोप झाल्यावर. म्हणजे बुरशीला रात्रभर मोकळं रान.

"पण खोबरेल तर केसांना चांगलं असतं म्हणतात," त्या हळूच म्हणाल्या.

"केसांना, हो. मुंबईच्याच आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी 2003 साली खोबरेल, सूर्यफूल आणि पॅराफिनचं तेल केसांवर लावून तपासलं. केसातलं प्रथिन वाहून जाणं रोखलं ते एकट्या खोबरेलाने, कारण ते केसाच्या आत शिरतं. पण ते सगळं केसांच्या लांबीबद्दल. मुळांशी खाज असेल तर तिथे तेल कशाला? न्हायच्या आधी तासभर केसांच्या टोकांना चोळा, डोक्याला बोट लावू नका."

ह्या मुद्द्यावर आमच्या गल्लीत भांडणं झालेली आहेत. तेल नाही म्हणजे आईने मायाच केली नाही, असा समज आहे. मला विचाराल तर माया दुसरीकडे दाखवावी.

"मग आमचे हे रोज न्हातात ते तरी बरोबर का? माझी नणंद म्हणते, रोज धुतलं की डोकं चिडून जास्त तेल सोडतं."

"नणंदेला सांगा, तैलग्रंथी हॉर्मोनच्या तालावर चालतात. तुम्ही किती वेळा न्हालात ह्याचा हिशोब त्यांना कोण देणार? म्हणूनच वयात येताना मुलांचे केस एकाएकी तेलकट होतात. आणि तान्ह्या बाळाच्या टाळूवर पिवळ्या खपल्या येतात ना, त्याही आईकडून आलेल्या हॉर्मोनमुळे असाव्यात असं डॉक्टर मानतात. त्या काही महिन्यांत आपोआप जातात. ओरबाडायच्या नाहीत."

"आमच्या नातवाच्या मी उलथण्याने काढायच्या बाकी ठेवल्या होत्या!"

तेवढ्यात पलीकडून कुलकर्णीकाका डोकावले. त्यांचं म्हणणं नेहमी लिंबाचं. "लिंबू पिळा, पंधरा मिनिटं उन्हात बसा, सगळं जातं." गेल्या पौषात त्यांच्या कपाळावर जो तांबूस-काळा डाग उठला होता, तो ह्याच प्रयोगाचा. लिंबाचा रस कातडीवर असताना ऊन लागलं की ती भाजून काळवंडते. आणि आधीच खाजवून खाजवून सोललेल्या डोक्यावर लिंबू म्हणजे जखमेवर आंबट. खाण्याचा सोडा तर त्याहून वाईट. कातडी थोडी आम्लधर्मी असते आणि सोडा अल्कधर्मी, दोघांचं जमत नाही. काकांना आम्ही चहाचं आमंत्रण दिलं आणि विषय बदलला.

शिकेकाईवर मात्र मी बोट ठेवणार नाही. शिकेकाई, रिठा, आवळकाठी उकळून गाळलेलं पाणी सौम्य असतं. पण ते गाळायचं असतं! आमच्याकडे एका घरी पूड तशीच थापतात, तिचा भुगा केसांत अडकतो, वाळला की गळतो, आणि मग त्यालाच कोंडा म्हणून नवा शाम्पू विकत आणतात. तसाच घोळ बोअरच्या पाण्याचा. जड पाण्यात वडीचा साबण डोक्याला लावला की त्यातल्या कॅल्शियमची आणि साबणाची चिकट साय केसांवर बसते. फणीला पांढरं लागतं ते कातडीचं नसतंच.

"पण खरंच कोरडं डोकं असतं की नसतं?"

"असतं ना. त्याचा भुगा बारीक, पांढरा, सुका. केसही रुक्ष. शिवाय हातापायांची कातडी ओढते, आणि थंडीत कढत पाण्याने न्हाल्यावर जास्त. त्यांना सौम्य शाम्पू, कोमट पाणी, वाटलं तर न्हाण्याआधी थोडं तेल. पण पोपडा पिवळट, चिकट असेल, भुवयांत, नाकाच्या कडांना, कानांमागेही लाली-खपली असेल, तर तो तेलाचा भाऊ. तुमच्या ह्यांच्या भुवया बघा एकदा चष्मा काढून."

लतावहिनी आत जाऊन बघून आल्या. चेहरा सांगत होता.

"मग लावायचं काय?"

"केटोकोनॅझोलचा दोन टक्क्यांचा शाम्पू. आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे. मग एक-दोन आठवड्यांतून एकदा, आणि तेही चालू ठेवायचं, कारण ही बुरशी बिऱ्हाड सोडून जात नाही, शांत राहते एवढंच. झिंक पायरिथिऑन आणि सेलेनियम सल्फाइडचेही शाम्पू मिळतात. केस रंगवलेले असतील तर सेलेनियमने रंग बिघडू शकतो. आणि चूक बहुतेकांची एकच होते. केसांवर फेस केला की लगेच तांब्या ओततात. शाम्पू कातडीवर चोळायचा, केसांवर नाही, आणि तीन ते पाच मिनिटं तसाच ठेवायचा."

"पाच मिनिटं? एवढ्यात गरम पाणी संपतं आमच्या बंबातलं!"

"थांबताना नळ बंद ठेवा की. केस रखरखीत झाले तर कंडिशनर फक्त टोकांना."

एक गोष्ट सांगायची राहिली होती ती मी मुद्दाम मागे ठेवली, कारण ती दुसऱ्याच्या घरातली. वरच्या वाड्यातल्या एकीने मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय एक ट्यूब आणली, डोक्यावर चोळली, खाज दोन दिवसांत गेली, म्हणून महिनोन् महिने चोळत राहिली. त्यात स्टेरॉइड होतं. थांबवल्यावर दुप्पट उफाळलं, कपाळाची कातडी पातळ झाली. मेडिकलवाल्याचं नाव मी लतावहिनींना सांगितलं नाही. त्यांना कळलं.

"आणि त्या मुलीच्या आईला काय सांगू? लग्न मार्गशीर्षात आहे."

"सांगा, तेल थांबवा, आठवड्यातून दोनदा औषधी शाम्पू सुरू करा. आता घेतलं तर लग्नापर्यंत आटोक्यात येतं. काळी मेंदी म्हणून विकतात तिच्यापासून मात्र दूर राहा. बहुतेक वेळा त्यात डायचं रसायन असतं, आणि एखादीला त्याची अशी ॲलर्जी होते की डोकं सुजून डोळे मिटतात. नवरीला ते परवडणार नाही."

लतावहिनी दारातून म्हणाल्या, "जाते, भाजी लागली वाटतं," आणि मी पुन्हा बादलीकडे वळले.

वाचकहो, वाचता वाचता तुमचाही हात डोक्यात गेला असेल, तर आधी नखं कापा आणि शनिवारचं तेल एवढ्यापुरतं राहू द्या. औषधी शाम्पू महिनाभर नेमाने लावूनही फरक पडला नाही, चांदीसारखे जाड थर केसांच्या रेषेबाहेर येऊ लागले, किंवा लहान मुलाच्या डोक्यावर केस तुटून गोल चट्टा पडला, तर घरचे उपाय बंद करा आणि त्वचेच्या डॉक्टरांकडे जा.