मालिकेबरहुकूम ताण कसा घ्यावा : भोर-वेल्हेकरांसाठी सूचना

भोर आणि वेल्हे (सरकारदरबारी आता राजगड) या दोन तालुक्यांतल्या रहिवाशांच्या ताण घेण्याच्या पद्धतीत गंभीर त्रुटी आढळतात. ऐन लावणीत पावसानं पाठ फिरवली की बांधावर गप्प बसून राहणे, सोसायटीचं कर्ज थकलं की रात्री दोनला उठून गोठ्यात चक्कर मारणे, पोराला स्थळ येईना म्हणून भाकरी अर्धी टाकून उठणे, असे प्रकार इथे सर्रास चालतात. यांतल्या एकालाही पार्श्वसंगीत नाही. दूरचित्रवाणीच्या नियमांनुसार असा ताण धरताच येत नाही. सुधारण्याची इच्छा असलेल्यांनी पुढील सूचना पाळाव्यात.

पहिली अडचण जागेची. मालिकेतला ताण दिवाणखान्यात येतो, आणि दिवाणखान्याला वळणदार जिना लागतो. वाईट बातमी ऐकणारी व्यक्ती जिन्याच्या मधल्या पायरीवर असावी, हा संकेत आहे. वेल्ह्याच्या जुन्या घरात माळ्यावर जायला शिडी असते. शिडीवर उभं राहून पदर सावरत हादरणं धोक्याचं आहे, ते करू नये. भोरकरांची सोय त्या मानाने बरी. पंतसचिवांचा राजवाडा गावातच आहे, त्याला चौक आहेत, जिने आहेत आणि चित्रीकरणाची सवयही आहे. मात्र भाताला भाव मिळाला नाही म्हणून कोणी राजवाड्यात जाऊन हताश झाल्याचं ऐकिवात नाही.

जागा ठरली की हातात वस्तू घ्यावी. आरतीचं ताट उत्तम, काचेचा ग्लास चालेल. बातमी कानावर पडताच बोटं सैल सोडावीत. इथे भोर-वेल्हेकर हटकून चुकतात, कारण घरातली बहुतेक भांडी स्टीलची. स्टीलचा तांब्या फुटत नाही. तो ठणठणत चुलीपाशी जातो, आणि आतून आजीचा आवाज येतो, ‘काय सांडलं गं?’ मग फडकं शोधावं लागतं आणि त्या नादात ताण घ्यायचा राहून जातो.

यानंतर चेहरा. आपला चेहरा एकदा दाखवून भागत नाही. हजर असलेल्या प्रत्येक नातेवाइकाचा चेहरा पाळीपाळीने, शक्य तर तीन-तीनदा दिसेपर्यंत श्वास रोखून उभं राहावं. ही कला एका दिवसात आलेली नाही. पुण्याला मुंबई दूरदर्शन दिसू लागलं ते १९७३ साली, सिंहगडावर प्रक्षेपण केंद्र आल्यावर, म्हणजे वेल्ह्याच्या अगदी उशाशी. तेव्हा मालिका आठवड्यातून एकदा यायची आणि माणसं पटकन हादरून पटकन सावरायची. पुढे खासगी वाहिन्या आल्या, रोजचा भाग आला. २००१ ते २०१३ चाललेल्या ‘चार दिवस सासूचे’चे तीन हजारांवर भाग झाले. रोज अर्धा तास भरायचा म्हटल्यावर धक्का सावकाशच बसणार.

आता सर्वांत महत्त्वाची पायरी, म्हणजे चक्कर येऊन पडणे. मालिकेत काळजी असह्य झाली की बाई कपाळाला हात लावते आणि कोसळते. कोसळण्याच्या जागी सोफा असतोच. प्रत्यक्षात तीव्र घबराटीचा झटका येतो तेव्हा छाती धडधडते, घाम फुटतो, हात थरथरतात, श्वास पुरत नाही, आता आपण मरणार असं वाटतं. दहाएक मिनिटांत हे टोकाला जातं आणि मग हळूहळू ओसरतं. या वेळी रक्तदाब सहसा वाढतो. बेशुद्ध पडायला तो घसरावा लागतो, म्हणून घबराटीत माणूस क्वचितच बेशुद्ध पडतो. वेल्ह्याच्या बाजारात छातीत धडधडायला लागलेली बाई दुकानाच्या पायरीवर बसते, पाणी मागते, ‘जीव घाबरा झालाय’ म्हणते आणि थोड्या वेळानं पिशवी उचलून एसटी गाठते. तिला कॅमेऱ्यात कसं पकडणार?

पडून झालं की डॉक्टर बोलवावेत. ते घरी येतात, नाडी बघतात आणि दाराशी जाऊन सांगतात, ‘बीपी वाढलंय. त्यांना कुठलंही टेन्शन देऊ नका.’ वाढलेल्या रक्तदाबाचं लक्षण बहुतेकदा काहीच नसतं, म्हणून तर तो मोजावा लागतो. पण मालिकेत यंत्र न लावताही तो समजतो. त्या एका वाक्यात निदान, उपचार आणि नातेवाइकांना ताकीद, तिन्ही उरकतात. खऱ्या रुग्णाचा प्रवास लांबडा. आधी भगताकडे अंगारा, मग भोरच्या उपजिल्हा रुग्णालयात ईसीजी, तो चांगला आला की स्वारगेटची गाडी धरून शहरात आणखी एक ईसीजी. तोही चांगलाच. ‘गॅस असेल’ असं ऐकून माणूस परत येतो, आणि रात्री पुन्हा छाती धडधडते. एवढ्यात मालिकेत दोन साखरपुडे मोडले असते.

मुदतीचा मुद्दा तर फारच गमतीचा आहे. चिंताविकाराचं निदान करताना डॉक्टर साधारण सहा महिन्यांचा हिशेब मांडतात. बहुतेक दिवस काळजी, आणि तिच्यासोबत थकवा, चिडचिड, आखडलेली मान, एकाग्रता नाही, झोप नाही. सहा महिने एकच गोष्ट चालू ठेवणं मालिकेइतकं दुसऱ्या कोणालाही जमत नाही. तरी मालिका ते सहा महिने एका मंगळसूत्रावर घालवते. तिच्या मंडपात नवरदेव आलेला असतो आणि खलनायिका लग्न मोडते. इकडे शेती करणाऱ्या, नोकरी नसलेल्या मुलाचं प्रकरण मंडपापर्यंत पोचतच नाही. दाखवायला प्रसंगच नाही, नुसतं वाट बघणं. धरणात जमीन गेलेल्यांचंही तेच. नीरा देवघर असो की गुंजवणी, पुनर्वसनाच्या कागदासाठी कचेरीच्या बाकावर बसलेल्या म्हाताऱ्यावर झूम करून दिग्दर्शकाला काय मिळणार?

सगळ्याच मालिका सूचनांना जागल्या असंही नाही. ‘आई कुठे काय करते’मधली सुरुवातीची अरुंधती घरासाठी राबते, कोणी विचारत नाही, आणि ते न विचारणंच तिला आतून पोखरतं. तेवढा भाग पडद्याबाहेरच्या पुष्कळ जणींनी ओळखला असणार. ‘लागिरं झालं जी’तला अजिंक्य सातारी होता, पण भरतीचा ध्यास आणि भरती हुकण्याची धास्ती भोरच्या पोरांनाही परकी नव्हती. दोन्ही मालिका पुढे नेहमीच्या वळणावर गेल्या, हा भाग वेगळा. सिनेमाला हे जास्त जमलं. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’मध्ये नैराश्य गप्प बसून राहतं, आणि २०१६ चा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला.

एक पायरी मात्र मालिकांनी जवळजवळ गाळलीच आहे : नायिका मानसोपचारतज्ज्ञाकडे जाते, बाहेर नंबर लावून बसते, बोलते, गोळ्या घेते, पुढच्या महिन्यात पुन्हा जाते आणि तिला बरं वाटतं. यात खलनायक नाही, म्हणून टीआरपी नाही. निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेच्या २०१५-१६ च्या सर्वेक्षणात (ते बारा राज्यांत झालं, महाराष्ट्र त्यात नव्हता) चिंता-नैराश्यासारखे आजार असलेल्या दर शंभरांतले सुमारे पंच्याऐंशी जण उपचारांपर्यंत पोचत नसल्याचं दिसलं. रोज रात्री घराघरांत पोचणाऱ्या माध्यमानं या पंच्याऐंशींसाठी एवढा एक कंटाळवाणा भाग काढायला हरकत नव्हती.

तोवर ज्यांना वरील सूचना पाळणं जमणार नाही, जिना नाही, सोफा नाही, भांडी स्टीलची आहेत, त्यांच्यासाठी १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक आहे. केंद्र सरकारनं तो १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केला. फोन फुकट लागतो, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.