आम्ही आता अकर्तृक

शाळेत बाई भावे प्रयोग शिकवत होत्या तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होतो. उजाडले, सांजावले, गडगडले. कुणी उजाडवले? कुणीच नाही. ज्या वाक्याला कर्ताच नाही ते अकर्तृक, एवढं परीक्षेपुरतं पाठ केलं आणि सोडून दिलं. पुढे एकोणीस वर्षं पेपरात काढली, तिथे त्याची गरज पडली नाही. आमच्या मुख्य उपसंपादकांचा एकच धोशा असे, कुणी केलं ते आधी लिही, बाकीचं जागा उरली तर. गेल्या वर्षी मी एका विद्यापीठात जनसंपर्क अधिकारी झालो आणि पहिल्याच आठवड्यात कळलं, त्या खिडकीने आपलं फार नुकसान केलंय.

पहिलं प्रसिद्धिपत्रक मी लिहिलं ते असं : ‘परीक्षा विभागाने चुकीची प्रश्नपत्रिका पाठवल्याने पेपर दीड तास उशिरा सुरू झाला.’ कोण, काय, का, किती, सगळं एका वाक्यात. मनात म्हटलं, वा! कुलसचिवांनी वाचलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि माझ्यासाठी चहा मागवला.

“यात परीक्षा विभाग कशाला आला?”

“त्यांनीच पाठवली ना, सर.”

“पाठवली हो. पण वाक्यात कशाला आला?”

चहा संपेपर्यंत पत्रक तयार झालं : ‘काही अपरिहार्य कारणास्तव परीक्षेच्या वेळेत अंशतः बदल झाला. विद्यार्थ्यांचे नुकसान होणार नाही याची दक्षता घेण्यात आली आहे.’ कुणी घेतली? घेण्यात आली. उजाडतं, तशी.

पत्रकारिता का सोडली, असं लोक फार हळहळून विचारतात. हळहळणाऱ्यांपैकी एकही जण पेपर विकत घेत नाही, ही गोष्ट वेगळी. पत्रकारांसाठीच्या मजीठिया वेतन मंडळाच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली उचलून धरल्या, पण आमच्या कार्यालयाचा जिना चढताना त्यांना दम लागला असावा. त्या वरच्या मजल्यावर पोहोचेपर्यंत आम्ही सगळे कंत्राटी झालो होतो. विद्यापीठात सातवा वेतन आयोग आहे. पगार होतो. तो कुणी केला हे कुणी विचारत नाही.

सासऱ्यांना मात्र हे कारण सांगायची लाज वाटली, म्हणून मी आगरकर काढले. म्हटलं, १८८१ साली ‘केसरी’चे पहिले संपादक आणि १८९२ साली फर्ग्युसनचे प्राचार्य. पेपरातून शिक्षणात जाण्याची आपल्याकडे थोर परंपरा आहे. सासरे निवृत्त मुख्याध्यापक. शांतपणे म्हणाले, “जावईबापू, मधे १०१ दिवस डोंगरीचा तुरुंगही आहे. अर्जात त्या रकान्यापुढे काय लिहिलंत?”

असो. कामाचं बोलू. या नोकरीतला सगळ्यात स्फोटक शब्द कोणता, असं विचाराल तर भ्रष्टाचार नव्हे, पेपरफुटीही नव्हे. ‘आदी’. डेस्कवर असताना मी हा शब्द कोयत्यासारखा वापरला. पत्रकात चौदा मान्यवर आले की पहिले दोन ठेवायचे आणि बारा जण ‘आदी उपस्थित होते’मध्ये गाडायचे. त्या बारा जणांना बायका-मुलं असतात, त्यांनी त्या दिवशी पेपर जरा जास्त लवकर उघडलेला असतो, हे कधी मनात आलं नाही. आता माझं पत्रक चौदा नावांचं जातं, सकाळी दोन छापून येतात, आणि साडेनऊला अधिसभेच्या सन्माननीय सदस्यांचा फोन येतो : “मी आदी का?” त्यांना काय सांगू? छापणारा डेस्कवरचा पोरगा मीच तयार केलाय. एकदा मी त्याला फोन करून सगळी नावं घेण्याची विनंती केली, तर म्हणाला, “सर, जागा नाही. तुम्हीच शिकवलंय.”

मग कात्रणं. शिपाईमामा फूटपट्टीने मोजतात. कुलगुरूंचा फोटो दोन कॉलमात आला की त्या दिवशी कुठलीही सही लवकर होते. दीक्षान्त समारंभाच्या बातमीत पदवीधर विद्यार्थी दिसले नाहीत तरी चालतं. त्यांची गर्दी असतेच, फोटोत पाठमोरी.

केंद्राच्या एनआयआरएफ क्रमवारीची गोष्ट तर मी रोज नव्याने चघळतो. २०१६ पासून ही क्रमवारी जाहीर होते. तिच्या तक्त्यात संशोधनाचं वजन ३० टक्के, आणि त्या रकान्याची इंग्रजी आद्याक्षरं आरपी. आणखी एक रकाना आहे, नोकऱ्या देणारे आणि इतर प्राध्यापक तुमच्याविषयी काय समजतात त्याचा. वजन १० टक्के, आद्याक्षरं पीआर. माझी शपथ, पीआरच. आरपीसाठी प्रयोगशाळा लागते, निधी लागतो, रिक्त जागांवर माणसं भरावी लागतात. पीआरसाठी मी लागतो. अक्षरं तीच, फक्त उलटी घातलेली. आढावा बैठकीत मी हे विनोद म्हणून सांगितलं. कुणी हसलं नाही. दोघांनी वहीत लिहून घेतलं.

निकालांचा विषय टाळत होतो, पण तो टळत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ म्हणतो, परीक्षा संपल्यावर ३० दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करा, काही झालं तरी ४५ दिवसांत लावा. नाही जमलं तर उशिराच्या कारणांचा सविस्तर अहवाल कुलपतींना आणि शासनाला पाठवा. वाचल्याबरोबर लक्षात आलं, निकाल लावण्यापेक्षा अहवाल लावणं सोपं आहे. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठात उत्तरपत्रिका संगणकावर तपासण्याच्या घाईत निकाल रखडले, राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदत उलटली आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना घरी जावं लागलं. तेव्हा मी डेस्कवर बसून ‘जबाबदार कोण?’ असा आठ कॉलमी मथळा दिला होता. त्याचं कात्रण घरी आहे. ऑफिसात आणलेलं नाही.

यंदा आमचे निकाल लांबले. (पाहिलंत? लांबले. आपोआप.) पंचेचाळिसाव्या दिवशी संध्याकाळी फोन आला. जिला मी बातमीचा इंट्रो लिहायला शिकवला, तिचा.

“दादा, निकाल का रखडलेत?”

“मूल्यमापनाची प्रक्रिया अंतिम टप्प्यात आहे.”

“दादा, किती उत्तरपत्रिका तपासायच्या राहिल्यात?”

“गुणवत्तेशी तडजोड न करता...”

ती जरा थांबली. मग म्हणाली, “बरं सर, हे तुमच्या नावाने छापू का?”

दादाचं सर झालं की फोन रेकॉर्ड होतोय, हेही मीच शिकवलं होतं. मी म्हटलं, विद्यापीठाच्या सूत्रांनुसार, असं लिही. सूत्रं म्हणजे पूर्वी माझ्या खिशातले लोक असायचे. आता मीच तिच्या खिशात होतो.

पुढच्या आठवड्यात माहिती अधिकारी एक अर्ज घेऊन माझ्या खोलीत आले. “पत्रकाराचा आहे, तुम्हाला त्यांची भाषा कळते, उत्तराचा मसुदा करून द्या.” मुदतीचे ३० दिवस केव्हाच उलटून गेले होते. अर्ज उघडला. पाच वर्षांत पुनर्मूल्यांकनात किती विद्यार्थ्यांचे गुण बदलले, किती शुल्क जमा झालं, किती परीक्षकांवर कारवाई झाली. नेमका, धारदार अर्ज. खाली सही माझी.

नोकरी सोडण्याच्या आधीच्या महिन्यातली.

मी दार लावून घेतलं. इतकं चांगलं मी बऱ्याच दिवसांत लिहिलं नव्हतं. याला उत्तर द्यायचं तर पाच वर्षांचे आकडे बाहेर जाणार, आणि ते बाहेर गेले की त्यावर खुलासा मलाच लिहावा लागणार. मग आठवलं, राज्याच्या माहिती अधिकार नियमांत २०१२ साली दुरुस्ती झाली आहे, अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत हवा. मी पेन्सिल घेऊन शब्द मोजले. १६३. बातमी लांबते म्हणून मुख्य उपसंपादक एकोणीस वर्षं माझ्या नावाने ओरडत होते, ते उगाच नव्हे.

मसुदा माहिती अधिकाऱ्यांना फार आवडला. त्यांनी सही करून तो पोस्टाने पाठवला. तीन दिवसांनी घरी आलो तर बायको पाकीट फोडून बसली होती.

“अहो, विद्यापीठाचं पत्र आलंय तुम्हाला. आपण सदर अर्ज विहित शब्दमर्यादेत सादर केल्यास त्याबाबत यथोचित विचार करण्यात येईल... दोनदा वाचलं, काही कळत नाही. कुणी लिहिलंय हे?”

मी बूट काढत होतो. म्हटलं, “लिहिण्यात आलंय.”