पन्हाळा, बॉनेटमार्गे

कोल्हापुराहून पन्हाळा अवघा 20 किलोमीटर. पंचगंगेवरचा शिवाजी पूल ओलांडावा, केर्ली मागे टाकावी, वाघबिळाशी रत्नागिरीची सडक सोडून गडाची वाट धरावी आणि तासाभराच्या आत तीन दरवाजापाशी भाजलेल्या शेंगा सोलीत उभे राहावे, इतका हा प्रवास सुलभ आहे, असे एस. टी.ने जाणारे लोक सांगतात. ज्यांच्या पदरी जुनी मोटार आहे त्यांच्या हिशेबी मात्र या प्रवासाचे दोन टप्पे पडतात : पहिला अंगणापासून फाटकापर्यंतचा आणि दुसरा, तुलनेने गौण, फाटकापासून गडापर्यंतचा. आजवरच्या प्रवासवर्णनकारांनी पहिल्या टप्प्याची जी उपेक्षा केली, तिची अंशतः भरपाई करावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू.

आमची मोटार फियाट अकराशे. 1089 घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगलगत बसविलेला. कुर्ल्याच्या कारखान्यातून ती नवी बाहेर पडली त्या काळी अशा गाडीसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. आमच्याकडे आली ती अनेक हातांतून, तेव्हा तिच्या व्याधींचे खापर कारखान्यावर न फोडता वयावर फोडणे हेच न्यायाला धरून होईल. दसऱ्याच्या सायंकाळी छत्रपतींच्या घराण्याची 1936 सालची मेबॅक दसरा चौकात ज्या डौलाने अवतरते, तो पाहून वार्धक्य ही मोटारीस शोभा आणणारी अवस्था आहे, असा कोल्हापुरातील पुष्कळ सज्जनांचा ग्रह झालेला आहे. परंतु ती थोर गाडी सीमोल्लंघनाच्या मानाची धनी, आणि आमचीस दर आठवड्यास गिरणीतून दळण आणावयाचे असते, हा भेद ते विसरतात.

चैत्रातल्या त्या रविवारी डबा भरून झाला होता, मुले खिडकीच्या ताब्यावरून हातघाईवर आली होती आणि आम्ही मोठ्या उमेदीने सेल्फ मारला. इंजिन चालू झाले, पण लंगडत. तीन ठोके खणखणीत आणि चौथा गैरहजर. गाडी मिसिंग मारीत होती.

अन्य शहरांत मोटार बिघडली म्हणजे मालक बॉनेट उघडतो. कोल्हापुरात मालक दाराबाहेर येईपर्यंत ते उघडलेले असते. यात गावाचा दोष नाही. ज्या गावी बाबूराव पेंटरांनी विलायती कॅमेरा पाहून आपला कॅमेरा स्वतःच घडविला, ज्या गावच्या शिवाजी उद्यमनगरात उसाच्या मळ्यांना पाणी पाजणारी ऑइल इंजिने ओतली गेली, कातली गेली आणि जोडली गेली, त्या गावात यंत्राचे दुखणे हे खासगी राहूच शकत नाही. ते चावडीवरचे प्रकरण होते आणि पंचांची जमवाजमव करण्यासाठी दवंडी पिटावी लागत नाही.

पहिली जबानी पोस्टातून निवृत्त झालेल्या तात्यांची : "बॅटरी बसली." सेल्फ ज्या जोमाने फिरला तो सगळ्या पेठेने ऐकला होता, पण तात्यांच्या सेवाकाळात जे जे बंद पडले ते बॅटरीमुळेच, आणि या वयात मत बदलण्याचे त्यांस प्रयोजन दिसेना. दूधवाल्याने पेट्रोलात पाणी असल्याचा आरोप ठेवला. या विषयातला त्याचा अधिकार मोठा असल्यामुळे कोणी उलटतपासणी घेतली नाही. आमच्या मेहुण्यांनी ही गाडी भंगारात घालावी असा थेट निकालच दिला. शेजारच्या तालमीतले पैलवान तेवढे निदानाच्या भानगडीत न पडता दंड थोपटीत म्हणाले, "न्यूट्रलला घाला, दादा. ढकलतो की!" इंजिन चालू आहे, ही गोष्ट त्यांच्या दृष्टीने किरकोळ होती.

अखेर समोरच्या घरातले आबा उठले. उभा जन्म फाउंड्रीत लाकडी साचे घडविण्यात गेलेला, बोलणे कमी. आम्ही किल्ली फिरवू लागताच त्यांनी हात वर केला. "बंद करून काय कळणार हाय? चालू ऱ्हाऊ द्या तिला." मग त्यांनी हातभर लांबीचा स्क्रू ड्रायव्हर मागविला, त्याचे टोक इंजिनावर टेकविले, मूठ कानाच्या हाडाशी दाबून धरली आणि डोळे मिटून क्रमाक्रमाने चारी सिलिंडरांची कैफियत ऐकून घेतली. टॅपेटची किरकिर, बेअरिंगची घरघर, सारे त्या लोखंडातून त्यांच्या कानात उतरत होते, आणि तेवढा वेळ सर्व पेठ, मुलांसकट, निःशब्द होती.

"तिसरा," आबा म्हणाले.

आता पुराव्याचे काम. रबरी मुठीच्या पकडीने एकेका प्लगची वायर काढावयाची. काम करणाऱ्या सिलिंडराची वायर निघाली की इंजिन अधिकच अडखळते, न करणाऱ्याची निघाली तर त्यास सुखदुःख नाही. पहिली निघताच इंजिन धापा टाकू लागले. दुसरी पैलवानांनी उत्साहाच्या भरात नुसत्या हाताने उपटली, आणि खासबागेच्या मैदानात ज्यांची पाठ कोणी लावली नव्हती ते निमिषार्धात आमच्या तुळशीवृंदावनाला पाठ लावून बसले. तिसरी काढली तेव्हा इंजिनाच्या आवाजात तसूभर फरक पडला नाही. हजेरीपटावर सही करून चहाला गेलेल्या कारकुनाप्रमाणे हा तिसरा सिलिंडर आजवर इतरांच्या श्रमावर पगार खात होता.

त्याचा प्लग काढला तो पेट्रोलने ओला. म्हणजे पेट्रोल पोहोचत होते, ठिणगी नव्हती. पेट्रोल निर्दोष सुटले. आता मेहुण्यांनी नवा प्लग आणण्याची तजवीज मांडली. आबांनी ती फेटाळून तिसऱ्याचा प्लग पहिल्यास आणि पहिल्याचा तिसऱ्यास लावला. खोड प्लगाची असती तर ती त्याच्यासोबत पहिल्या घरात गेली असती. ती तिसऱ्यातच मुक्काम ठोकून राहिली. वायरींचीही अशीच अदलाबदल झाली, तरी खोड हलेना. तेव्हा संशय उगमाकडे, डिस्ट्रिब्युटरच्या टोपीकडे वळला. 1-3-4-2 या क्रमाने चौघांना ठिणगी वाटून देण्याचे काम तेथे चालते. टोपी उघडून उन्हात धरली, आणि तिच्या आतल्या अंगास तिसऱ्याच्या घरापासून कडेपर्यंत गेलेली केसाएवढी काळी रेघ दिसली. टोपीस तडा गेला होता, तड्यात काजळी बसली होती, आणि विजेने सिलिंडराचा लांबचा पल्ला टाकून हा आडमार्ग पत्करला होता. इतकी बारीक रेघ एवढ्या जड मोटारीस अडवू शकते, यावर तात्यांचा विश्वास बसला नाही. त्यांनी बॅटरीविषयीचे आपले मत राखून ठेवले.

नवी टोपी मिळेतो आबांनी दाढीच्या पात्याने ती रेघ खरवडून काढली आणि आमच्या कुटुंबाकडे नखे रंगविण्याची बाटली मागितली. हा रंग वाळला म्हणजे वीज अडविण्यापुरता तडा बुजतो. गुलाबी ओघळाची ती टोपी बसविताच चारी सिलिंडर एका सुरात बोलू लागले. "मग पन्हाळा आज, की पुढच्या रविवारी?" असे सौभाग्यवतींनी विचारले, तेव्हा ऊन माथ्यावर आले होते. विमा म्हणून पैलवानांना मागच्या बैठकीवर घेतले आणि आम्ही निघालो.

दुसऱ्या टप्प्याचे वर्णन थोडक्यात आटोपते. वाघबिळाच्या चढावर गाडी खोकली आणि थांबली. या वेळी निदानासाठी पंच नेमावे लागले नाहीत. समोरून उतरणाऱ्या एस. टी.च्या चालकाने गाडी न थांबविताच खिडकीतून निकाल दिला, "एसी पंपावर वलं फडकं टाका!" हा पेट्रोलचा पंप इंजिनाच्याच अंगाला चिकटलेला असतो, ऊन आणि चढ एकत्र आले की त्यातल्या पेट्रोलची वाफ होते, आणि द्रव ढकलण्यासाठी जन्मलेला पंप वाफेपुढे हात टेकतो. ती निवेपर्यंत वाट पाहणे एवढेच मनुष्याच्या हाती उरते. 1660 च्या जुलैत शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून भर पावसात, रात्रीच्या अंधारात याच गडावरून निसटून विशाळगडाकडे गेले, हे आम्ही मुलांस तेथे सविस्तर सांगितले. "त्यांच्याकडं मोटार नव्हती म्हणून जमलं," असे धाकट्याने त्यावर मत दिले.

फडके म्हणून जो पंचा पंपावर घातला तो भाकऱ्यांभोवतीचा होता, आणि गाडी चालू झाल्यावर तो त्याच कामी परत रुजू करण्यात आला. म्हणून जुनी मोटार घेऊन वैशाखात पन्हाळ्यास निघणाऱ्यांस एवढीच विनंती, की डब्यासोबत दोन फडकी घ्यावीत आणि त्यांची खाती अलग ठेवावीत. पेट्रोलचा वास लागलेली भाकरी पैलवानसुद्धा खात नाहीत.