परवानगी हवी?

बीडमध्ये नेट गेलं की पहिला संशय वायरवर, दुसरा कंपनीवर. फायरवॉलकडे बोट जातं ते सगळ्यांत शेवटी. पिंग जातोय, पण ब्राउझर ढिम्म? मग चोर बहुधा घरातलाच. फायरवॉलच्या ‘परवानगी द्यायची का?’ या चौकटीत कधीकधी कुणीतरी अतिशहाणपणाने ‘नाही’ दाबलेलं असतं. तो नियम काढा, नेट सुरू. (नुसतं कोपऱ्यातलं चिन्ह बंद करून भागत नाही, आतला पहारा चालूच राहतो.)

पण कधी ‘नाही’ घराबाहेरून, सरकारकडूनही दाबलं जातं. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस माजलगावात आमदारांचं घर पेटवलं गेलं, बीडला संचारबंदी लागली आणि इंटरनेटही बंद. लोक बिचारे फोन ‘फ्लाइट मोड’वर टाकून पुन्हा काढत बसले! या सरकारी फायरवॉलची सेटिंग तेव्हा नेटबंदीच्या २०१७ च्या नियमांत होती. ‘नाही’ची सही थेट गृहखात्याच्या सचिवांची असायची.